फुटक्या दगडांच्या ढिगाला संरक्षित स्मारकाचा दर्जा कशासाठी?

बर्मिंगहॅममध्ये स्थायिक झालेल्या एका वाचकाचा प्रश्न असा: "घराजवळ मोझली बॉग नावाची राखीव दलदल आहे. तिथे ओढ्याकाठी 'बर्न्ट माउंड' नावाचं प्रागैतिहासिक, कायद्याने संरक्षित स्थळ असल्याचं वाचलं, म्हणून मुलांना घेऊन गेलो. पाहिलं तर झाडोऱ्याखाली झाकलेला एक बुटका उंचवटा. हे नक्की काय आहे? आपल्याकडे गडांच्या तटबंद्या ढासळत असताना इथे फुटक्या दगडांच्या ढिगाला एवढं संरक्षण कशासाठी? आणि थोरल्याला वाढदिवसाला मेटल डिटेक्टर मिळालाय, तो तिथे चालवला तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर निःसंदिग्ध आहे. चालणार नाही. इंग्लंडमध्ये १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीत लेखी परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे. काही सापडलं की नाही, खणलं की नाही, हा प्रश्न नंतरचा. मुलाला हौस असेल तर त्याला डिटेक्टरवाल्यांच्या एखाद्या चांगल्या क्लबात घाला. तिथे जमीनमालकाची परवानगी कशी घ्यायची आणि सापडलेल्या वस्तूची नोंद कुठे करायची, हे शिकवतात. शिवाय बर्न्ट माउंडमध्ये धातू जवळजवळ कधीच मिळत नाही. तिथे जे मोलाचं आहे ते यंत्राला ऐकू येत नाही.

आता मूळ मुद्दा. बर्न्ट माउंड, म्हणजे शब्दशः 'जळका ढिगारा', हा पाणी तापवताना फुटलेल्या दगडांचा ढीग. मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलो आणि पुढे बरीच वर्षं ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये रस्ते, पाइपलाइन, घरबांधणी यांच्या आधी करावी लागणारी उत्खननं केली. असे ढिगारे त्या कामात वारंवार समोर येतात. यंत्राने वरची माती ओरबाडली की ओल्या पिवळट जमिनीत एकदम काळा कुळकुळीत पट्टा दिसतो. त्यात मुठीएवढे आणि त्याहून लहान, टोकदार कडांचे, लालसर-करडे दगड खच्चून भरलेले असतात. जवळपास पाणी असतंच: ओढा, झरा किंवा दलदलीचा काठ. खापरं नाहीत, हाडं जवळपास नाहीत, घराच्या भिंतीचा मागमूस नाही. आपल्याकडच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, टेकाडावर काम केलेल्या माणसाला हे फार विचित्र वाटतं. तिथे टोपलीभर माती उपसली की पसाभर खापरं निघतात.

हे ढिगारे बहुतांशी कांस्ययुगातले. सर्वसाधारणपणे इ.स.पू. २४०० ते ५०० हा त्यांचा मुख्य काळ, थोडे त्याआधीचे आणि थोडे नंतरचेही आहेत. एकट्या आयर्लंडमध्ये ७००० हून अधिक नोंदले गेले आहेत. तिथे त्यांना 'फुलाख्त फिया' म्हणतात आणि त्या देशातलं ते सर्वांत जास्त संख्येने आढळणारं प्रागैतिहासिक स्थळ आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडची शेटलंड आणि ऑर्कनी ही बेटं, वेल्स, उत्तर आणि मध्य इंग्लंड इथेही ते भरपूर आहेत. बर्मिंगहॅम परिसरातल्या ओढ्यांच्या काठाने तर ते चांगलेच दाट आहेत.

त्यांची निर्मिती कशी झाली, याबद्दल मात्र वाद नाही. ओढ्याकाठी जमिनीत एक चर खणायचा. त्याला ओकच्या फळ्यांचं, पोखरलेल्या खोडाचं किंवा दगडी लाद्यांचं अस्तर लावायचं. जमिनीतलं पाणी आपोआप पाझरून तो भरतो किंवा ओढ्यातून भरून घेता येतो. शेजारी मोठा जाळ करून त्यात दगड तापवायचे आणि लाल झाले की लाकडी फावड्याने उचलून पाण्यात सोडायचे. मातीचं किंवा धातूचं एवढं मोठं भांडं त्या काळी कुणाकडे नव्हतं आणि लाकडी कुंड चुलीवर चढवता येत नाही. म्हणून विस्तव पाण्याखाली नेण्याऐवजी विस्तवातली उष्णताच दगडातून पाण्यात नेली.

दगड का फुटतो, हे समजून घेण्यासारखं आहे. गारगोटीयुक्त दगड सुमारे ५७३ अंश सेल्सिअसला पोहोचला की त्यातल्या गारेच्या स्फटिकांची रचना बदलते आणि ते एकाएकी फुगतात. त्यातच तो थंड पाण्यात पडतो. बाहेरचं कवच आकसतं, आतला गाभा अजून फुगलेला असतो, आणि दगड तडकतो. दोन-चार खेपा चालतो, मग त्याचे तुकडे इतके लहान होतात की त्यांत उष्णता धरून राहत नाही. ते तुकडे कोळशाच्या गाळासह उपसून कुंडाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे टाकले जातात. पाण्याकडची वाट मोकळी ठेवावी लागते, म्हणून ढिगाचा आकार वर्षानुवर्षांत घोड्याच्या नालासारखा होत जातो. चुनखडीचा दगड मात्र या लोकांनी शक्यतो टाळला. भट्टीत तो भाजून त्याचा चुना होतो आणि पाण्यात पडला की सगळं पाणी दाहक होऊन बसतं. जिथे वाळूचा खडक हाताशी होता तिथे त्यांनी तो निवडून घेतलेला दिसतो. दगडांची ही पारख कुणीतरी कुणालातरी शिकवत आलं असणार.

आयर्लंडचे पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली यांनी १९५० च्या दशकात कॉर्क परगण्यातल्या बॅलीवुर्नी इथल्या स्थळाचं उत्खनन करून तिथेच प्रयोग केला. सुमारे ४५० लिटर पाण्याला अर्ध्या तासाच्या आसपास उकळी फुटली. मग गवतात गुंडाळलेली साडेचार किलोंची मेंढ्याची तंगडी त्यात सोडली आणि अधूनमधून एखादा तापलेला दगड टाकत पाणी उकळतं ठेवलं. ३ तास ४० मिनिटांत मांस व्यवस्थित शिजलं. त्याच परगण्यात ड्रॉम्बेग इथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एडवर्ड फाही यांनी खणलेल्या दगडी कुंडातही असाच प्रयोग झाला. तिथे ७० गॅलन, म्हणजे सुमारे ३१८ लिटर पाणी १८ मिनिटांत उकळलं आणि पुढचे जवळपास तीन तास ते गरम राहिलं.

या आकड्यांवरून मी माझ्या शिकाऊ सहकाऱ्यांना एक हिशोब करायला लावतो, तुम्हीही करून पाहा. ४५० लिटर पाणी १० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण १७ कोटी ज्यूल उष्णता लागते. एक किलो दगड ६०० अंशांवरून १०० वर येताना सुमारे ४ लाख २० हजार ज्यूल सोडतो. म्हणजे वाया जाणारी उष्णता सोडून दिली तरी एका उकळीला ४०० किलो दगड हवेत. आता १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि मध्यावर मीटरभर उंच असा एक मध्यम ढिगारा घ्या. त्याचं घनफळ ४० घनमीटरच्या आसपास भरतं. माती आणि कोळसा वजा करून त्यात ५० टन दगड धरू. प्रत्येक दगड चार वेळा वापरला असेल तर हा सगळा ढीग सुमारे ५०० वेळा पाणी उकळल्याचा आहे. महिन्यातून एकदा म्हटलं तरी ४० वर्षं. म्हणजे हे रोजचं स्वयंपाकघर नव्हे आणि एकदाच झालेल्या जत्रेचा उकिरडाही नव्हे. ठरलेल्या प्रसंगी किंवा ठरलेल्या ऋतूत, दोन पिढ्या त्याच पाण्याकाठी परत येत राहिल्या असाव्यात. सोनं नाही, शिलालेख नाही, राजाचं नाव नाही, तरी साध्या माणसांच्या सवयीचा एवढा सलग पुरावा दुसरीकडे क्वचित मिळतो. माझ्या दृष्टीने पहिलं महत्त्व इथेच आहे.

पण ते पाणी उकळून करत काय होते? इथे मात्र गेली कित्येक दशकं वाद चालू आहे.

सतराव्या शतकातला आयरिश इतिहासकार जेफ्री कीटिंग याने जुन्या काळच्या शिकारी टोळ्यांचं वर्णन करताना लिहिलं की ते तापलेल्या दगडांनी मांस शिजवत आणि दुसऱ्या खड्ड्यात अंग धूत. त्यावरून मांस शिजवण्याचा तर्क पक्का झाला आणि ओ'केलींच्या प्रयोगाने त्याला बळ मिळालं. पण कीटिंग आणि कांस्ययुग यांच्यात किमान दोन हजार वर्षांचं अंतर आहे, हे विसरून चालत नाही. शिवाय एवढं मांस शिजलं तर हाडं कुठे आहेत? ओल्या आम्लधर्मी जमिनीत हाडं विरघळतात हे खरं. पण जिथे माती तशी नाही तिथेही ती फारशी मिळत नाहीत.

तुमच्या बर्मिंगहॅमचा या वादात मोठा वाटा आहे. शहराच्या दक्षिण भागात कॉब लेन इथल्या ढिगाऱ्याचं उत्खनन लॉरेन्स बारफील्ड आणि माइक हॉडर यांनी १९८० च्या सुमारास केलं. जेवणखाणाचे अवशेष नसल्याचं त्यांना खटकलं आणि १९८७ मध्ये त्यांनी असा विचार मांडला की ही वाफेच्या स्नानाची ठिकाणं असावीत. काठ्यांच्या सांगाड्यावर कातडी टाकून बंदिस्त केलेला आडोसा, आत तापलेले दगड, त्यांवर शिंतोडलेलं पाणी. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये अशी स्नानगृहं आजही वापरात आहेत. २००७ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेच्या बिली क्विन आणि डेक्लन मूर या पुरातत्त्वज्ञांनी लाकडी कुंडात तापलेल्या दगडांनी बिअर बनवून दाखवली. याखेरीज लोकर धुणं आणि घट्ट करणं, कातडी कमावणं, रंगकाम असेही तर्क आहेत. ऑर्कनी बेटांवर लिडल इथे रॉनल्ड सिमिसन या शेतकऱ्याच्या जमिनीत ढिगाऱ्याच्या पोटात चक्क दगडी इमारत निघाली. १९७० च्या दशकात जॉन हेजेस यांनी तिचा अभ्यास केला. मधोमध मोठ्या लाद्यांचं कुंड आणि भिंतीलगत चूल. म्हणजे तिथे हे काम उघड्यावर न होता बांधकामाच्या आडोशाला होत होतं.

माझं मत विचाराल तर एकच उत्तर शोधण्याचा अट्टहास सोडून द्यावा. आपल्या गावाकडच्या जुन्या घराच्या परसात बंबाची राख सापडली तर पाणी तापत होतं एवढं कळतं. त्याने आंघोळी झाल्या, गोधड्या धुतल्या की बाळंतिणीला न्हाऊ घातलं, ते राखेवरून कळत नाही, आणि बहुधा सगळंच झालेलं असतं. इंग्लंडच्या मध्य भागातल्या काही ढिगाऱ्यांच्या बाबतीत मला स्नानाचा तर्क जास्त पटतो. आयर्लंडमधल्या मोठ्या कुंडांच्या बाबतीत शिजवण्याचा. पण हा अंदाज आहे, आणि अंदाज तपासून पाहण्याची सोय शिल्लक राहावी म्हणूनच संरक्षण लागतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर ढिगाऱ्यात कमी आणि ढिगाऱ्याच्या खाली जास्त आहे. वरचे फुटके दगड एकसारखे असतात. मोल असतं ते खालच्या ओल्या चिखलात. जिथे पाणी सतत साचून राहतं तिथे हवा पोहोचत नाही, आणि हवा नसली की लाकूड कुजवणारी बुरशी जगत नाही. त्यामुळे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंडाच्या फळ्या कुऱ्हाडीच्या घावांसकट मिळतात. ओकची फळी असेल तर तिची वर्षवलयं मोजता येतात आणि पुरेशी वलयं शाबूत असतील तर झाड कधी तोडलं ते फार नेमकं सांगता येतं. त्याच चिखलात परागकण असतात. त्यांवरून भोवती जंगल होतं की कुरण ते कळतं. किड्यांचे पंख असतात. शेणावर जगणारे भुंगे भरपूर निघाले तर गुरं पाण्यावर येत होती हे समजतं.

वरच्या ढिगातही काही आहे, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. तापलेल्या दगडातल्या खनिजांमध्ये साठलेली ऊर्जा शेवटच्या जाळाच्या वेळी निघून गेलेली असते आणि तिथून पुन्हा साठायला लागते. ती प्रयोगशाळेत मोजून दगड शेवटचा केव्हा तापला ते काढता येतं. ऑर्कनीच्या ढिगाऱ्यांवर हे तंत्र १९७० च्या दशकातच वापरलं गेलं. कोळशाचं कार्बन-१४ मापन तर नेहमीचंच. त्यात आम्ही हेझेलसारख्या झुडपांच्या बारीक डहाळ्या शोधतो. जुन्या ओकच्या गाभ्याचा कोळसा घेतला तर तो जाळण्याच्या दोनशे वर्षं आधीची तारीख सांगतो, आणि त्यातून मोठे घोळ झालेले आहेत. अलीकडे चिखलातल्या चरबीच्या खुणा आणि जनुकीय अवशेष शोधण्याची तंत्रं पुढे येत आहेत. १९५० साली जो ढिगारा पूर्ण खणून संपवला त्याच्या गाळाला आज हे प्रश्न विचारता येत नाहीत. उत्खनन म्हणजे एकच प्रत असलेली पोथी वाचता वाचता पानं जाळत जाणं आहे, असं आमच्या वर्गात बजावून सांगत, आणि त्यात जराही अतिशयोक्ती नाही.

म्हणून संरक्षण. इंग्लंडमध्ये त्याची तऱ्हा अशी आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांची एक सूची सरकार ठेवतं आणि हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था त्यावर सल्ला देते. या पद्धतीची सुरुवात १८८२ च्या कायद्याने झाली, सध्या १९७९ चा कायदा लागू आहे. सूचीत आज जवळपास २०,००० नोंदी आहेत. स्थळ निवडताना त्याचा काळ, दुर्मीळपणा, कागदोपत्री नोंदी, शेजारच्या स्थळांशी नातं, शाबूत किती आहे, धोका किती आहे, वैविध्य आणि पुढच्या अभ्यासाला वाव, अशा कसोट्या लावतात. मोझली बॉगमधले दोन ढिगारे या कसोट्यांवर का उतरले ते सहज लक्षात येतं. एवढ्या दाट वस्तीच्या शहरात ओढा, दलदल आणि ढिगारे तिन्ही एकत्र टिकून आहेत. १९८० च्या सुमारास त्या परिसरात घरं बांधण्याचा बेत होता. स्थानिक रहिवाशांनी मोहीम उभारून ती जागा वाचवली. त्यांचं मी मनापासून कौतुक करतो, कारण दलदल गेली असती तर ढिगाऱ्यांचा अर्थही तिच्याबरोबर गेला असता.

सूचीत आल्यावर जमिनीची मालकी बदलत नाही. लोकांना तिथे जाण्याचा हक्कही आपोआप मिळत नाही. तो रस्ता किंवा उद्यान असेल तरच. पण त्या हद्दीत खणणं, भराव टाकणं, बांधणं, नाली काढणं, अगदी दुरुस्ती करणंसुद्धा मंत्र्यांच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही. संमतीविना काम केलं तर दंड, आणि जाणूनबुजून नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. शेतातल्या स्मारकांवर कायदेशीरपणे आधीपासून चालू असलेली नांगरट ठरावीक अटींवर त्याच खोलीपर्यंत चालू ठेवता येते. या सवलतीने जमिनीखालच्या थरांचं बरंच नुकसान झालेलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. नांगराचा फाळ त्याच खोलीवर राहतो, पण वरची माती वाऱ्यापावसाने कमी होत जाते आणि दर काही वर्षांनी फाळ नव्या थराला लागतो.

सूचीत नसलेल्या ढिगाऱ्यांची, म्हणजे बहुसंख्य ढिगाऱ्यांची, मदार बांधकाम परवानगीच्या व्यवस्थेवर असते. नोव्हेंबर १९९० मध्ये इंग्लंडमध्ये 'पीपीजी १६' हे मार्गदर्शक धोरण आलं. त्यानंतर बांधकाम करणाऱ्यानेच आधी पुरातत्त्वीय पाहणी करवून घ्यायची आणि तिचा खर्च उचलायचा, हे रूढ झालं. आमच्यासारख्यांना काम मिळालं ते याच व्यवस्थेतून. आयर्लंडमध्येही महामार्गांच्या मोठ्या कामांत अशीच पाहणी झाली आणि ढिगाऱ्यांच्या नोंदी झपाट्याने वाढल्या. त्या स्थळांचं भाग्य म्हणजे नीट नोंद होऊन नष्ट होणं. ते काहीच न कळता नष्ट होण्यापेक्षा कितीतरी बरं, तरी ते संरक्षण नव्हे.

आणि आता मला सर्वांत जास्त बोलायचंय त्या गोष्टीकडे येतो. कायदा फावडं अडवतो, कोरड अडवत नाही. सूचीतली हद्द बहुधा ढिगाऱ्याभोवती जेमतेम काही मीटरांची असते. वरच्या अंगाला दोनशे मीटरवर कुणी जमिनीखालून पाण्याचा निचरा करणारे पाइप टाकले, ओढा खोल केला किंवा पावसाचं पाणी गटारात वळवलं, तर स्मारक कायद्याचा भंग होत नाही. पण पाण्याची पातळी हातभर खाली जाते, चिखलात हवा शिरते आणि तीन हजार वर्षं टिकलेली फळी थोड्याच वर्षांत भुसभुशीत होते. वरून ढिगारा जसाच्या तसा, कुंपण जागेवर, सूचीतली नोंद जागेवर. आत काही उरलेलं नसतं. मालकावर देखभालीची सक्तीही कायद्यात नाही. झाडांची मुळं, बॅजर आणि सशांची बिळं, सायकली, ओढ्याने खालून कातरत नेलेला काठ, हे सगळं हळूहळू चालू राहतं आणि कुणावरही खटला होत नाही. त्यामुळे मोझली बॉगसारख्या ठिकाणी दलदल ओली ठेवणारे निसर्गप्रेमी स्मारकाची खरी राखण करत असतात, मग त्यांच्या डोक्यात बेडूक आणि नेचे का असेनात. ओलावा राखण्याचं काम पुरातत्त्व आणि निसर्ग या दोन्ही खात्यांनी एकाच नकाशावर बसून ठरवायला हवं. तसं काही ठिकाणी होतं, सगळीकडे होत नाही.

समुद्रकाठी तर कायदाच हतबल होतो. शेटलंडमधल्या ब्रेसे बेटावर क्रूस्टर इथला ढिगारा लाटांनी कापत आणला होता. स्थानिक इतिहासप्रेमी मंडळींनी तज्ज्ञांच्या मदतीने २००० मध्ये तो खणला आणि २००८ मध्ये आतलं दगडी बांधकाम सोडवून गावातल्या वारसा केंद्राशेजारी पुन्हा उभारलं. आज तिथे तापलेले दगड कुंडात टाकून पाणी उकळून पाहता येतं. इतर मार्ग नसताना हे करणं योग्यच होतं. फक्त दगडांची रचना वाचते, खालची माती आणि पाणी वाचत नाही, हे लक्षात ठेवून.

आपल्याकडच्या मंडळींना इथे बळ्ळारीची आठवण होईल. कर्नाटकातल्या रायचूर-बळ्ळारी भागात आणि लगतच्या तेलंगण-आंध्रात नवाश्मयुगातली राखेची टेकाडं आहेत, शंभराच्या आसपास. हंपीजवळ निंबापूरचं टेकाड लोक वालीच्या चितेची राख म्हणून दाखवतात. बळ्ळारी-होस्पेट रस्त्यावर कुडतिनीला असंच एक आहे. गोऱ्या साहेबांनी तिथे नरबळीपासून सतीपर्यंत नाना तर्क लढवले. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मात्र एकोणिसाव्या शतकातच ओळखलं की याचा संबंध गुरांशी आहे. पुढे लंडनच्या फ्रेडरिक झॉयनर यांनी राख तपासून ती शेणाचीच असल्याचं दाखवलं. रेमंड आल्चिन यांना १९५७ मध्ये उटनूर इथे गुरांच्या खुरांचे ठसे आणि दुहेरी कुंपणाच्या खुणा मिळाल्या. डेक्कन कॉलेजच्या मजुमदार आणि राजगुरू यांनी कुपगलचं उत्खनन १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि १९९० च्या दशकात त्याच संस्थेच्या के. पद्दय्या यांनी बुदिहाळला गोठा, वस्ती आणि गारगोटीची हत्यारं घडवण्याची जागा एकत्र उजेडात आणली. या टेकाडांचं आणि बर्न्ट माउंडचं थेट नातं काही नाही. तिथे दगड आणि पाणी, इथे शेण आणि जाळ. पण दोन्हीकडे अडचण तीच: बघणाऱ्याला तो कचरा वाटतो. बळ्ळारीकडची काही टेकाडं खत म्हणून शेतात गेली आणि काही रस्त्यांत.

भारतातला १९५८ चा कायदा संरक्षित क्षेत्रात शेती करू देतो, पण फूटभरापेक्षा खोल खणायला मनाई करतो. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रण आलं. इंग्लंडच्या काही मीटरांच्या मानाने ही तरतूद पुष्कळ पुढची आहे, आणि ओल्या स्मारकांना असं भोवतालाचं संरक्षण मिळालं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. गडांच्या तटबंद्यांबद्दलची तुमची तळमळ रास्तच आहे. पण त्यांना गवंडी लागतो, चुना लागतो, निधी लागतो. बर्न्ट माउंडला यातलं काहीही लागत नाही. एकाची उपेक्षा दुसऱ्याच्या वाट्यातून झालेली नाही.

मुलांना घेऊन पुन्हा जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान जा. झाडोरा मेलेला असतो आणि उंचवट्याचा आकार स्पष्ट दिसतो. पायवाट आणि फळ्यांचा रस्ता सोडू नका. मुलांना ओढ्याचा काठ लांबून बघायला लावा: काठ जिथे कापला गेलाय तिथे काळ्या मातीत लालसर, धारदार कडांचे तुकडे दिसतात का? ओढ्यातले घासलेले गोटे आणि हे तुकडे यांतला फरक मुलं मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात. तुकडा उचलून खिशात मात्र घालायचा नाही, कुत्र्याला तिथे उकरू द्यायचं नाही. काठ नव्याने ढासळलेला दिसला, कुणी खड्डा केलेला दिसला किंवा एरवी ओल असणारी जागा उन्हाळ्यात भेगाळलेली दिसली, तर फोटो काढा, तारीख आणि जागा टिपा आणि शहर परिषदेच्या पुरातत्त्वविषयक नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला कळवा. भेगाळलेल्या जमिनीचा फोटो आवर्जून पाठवा. तशी नोंद फार कमी लोक करतात.